धाकटीसाठी विनंती

आई,

काल तुझ्या नातीची मालिका संपली. ही नात तू पाहिली नाहीस. पाहिली असतीस तर हिचं नाक कुणावर गेलंय यावरून आपल्या दोघींची एक झकाझकी नक्की झाली असती. शेवटचा भाग संपला तशी ती जेवायला उठेना. 'इतकी वर्षं बघितली आणि शेवट हा असा?' म्हणून ताटाकडे पाठ करून बसली. मला हसू आवरेना, त्यावर ती आणखी चिडली. मग तिला चुचकारून भरवता भरवता मी आपल्या कुरुंद्याची, दवाखान्याच्या क्वार्टरमधल्या त्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीची आणि धाकटीची सगळी हकिकत सांगितली. घास गालात तसाच ठेवून तिनं विचारलं, 'म्हणजे आजी टीव्हीतल्या बाईसाठी देवाकडे प्रार्थना करायची? आजी वेडी होती का गं?' मी म्हटलं, थोडीशी होती. ती खूष झाली. वेडी आजी असणं त्यांच्या वर्गात मानाचं समजत असावेत. पण मग तिनं आणखी एक प्रश्न विचारला, आणि त्याला मी जे उत्तर दिलं त्यामुळे आज तुला लिहायला बसले आहे. ते शेवटी सांगते. तुलाही शेवट आधी कळलेला कुठं चालायचा.

आपला टीव्ही आला तो दिवस तुला आठवत असेलच. वसमतहून एस.टी.नं आणला होता. खोकं तुझ्या मांडीवर, पप्पा आणि मी उभे, आणि कंडक्टर तुला विचारतोय, 'सिस्टर, डबा खाली ठेवा की.' तू म्हणालीस, 'बाळंतपणं केलीत मी, खाली कसं ठेवायचं ते मला माहीत आहे. इथं नको.' गावात तुझं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. दवाखान्याची सिस्टर, एवढीच ओळख. पप्पा शाळेत चित्रकला शिकवायचे तरी त्यांना सगळे सिस्टरचे मालक म्हणायचे, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. एवढ्या मोठ्या गावात ख्रिस्ती घर आपलं एकट्याचं. नवी वस्तू घरात आली की तिच्यासाठी समर्पणाची प्रार्थना करायची हा तुझा नियम, म्हणून तू टीव्हीवर हात ठेवून डोळे मिटलेस आणि या डब्यातून घरात काही वाईट येऊ देऊ नकोस, असं देवाला बजावलंस. दारात शेजारच्या काकू उभ्या होत्या. त्यांना वाटलं पूजा चालली आहे. त्या घरी जाऊन हळदीची वाटी घेऊन आल्या. 'सिस्टर, तुमी हात ठेवला, आता आमचं बी लागू द्या,' म्हणून त्यांनी टीव्हीच्या बटणाला हळदीचं बोट लावलं. त्या गेल्यावर पप्पांनी हळूच विचारलं, पुसू का? तू क्षणभर बटणाकडे बघितलंस आणि म्हणालीस, 'राहू द्या. हळद जंतुनाशक असते.' ते बटण शेवटपर्यंत पिवळं राहिलं.

टीव्ही गल्लीत पहिला, त्यामुळे संध्याकाळी बायका यायला लागल्या. आणि आठ वाजता आपली प्रार्थना. दुसऱ्या कुणी प्रार्थना आधी उरकून घेतली असती, नाहीतर लोक गेल्यावर केली असती. तू सरळ सांगून टाकलंस, 'आधी प्रार्थना, मग टीव्ही. ज्याला बसायचं त्यानं बसावं, ज्याला बाहेर थांबायचं त्यानं ओट्यावर थांबावं. चहा दोघांनाही मिळेल.' पहिल्या दिवशी सगळ्या ओट्यावर होत्या. आठवडाभरात ओटा रिकामा झाला. पप्पा पेटी काढायचे, एक गीत व्हायचं, मी शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, चार ओळींचा भाग वाचायची, आणि मग तू विचारायचीस, 'हं, विनंत्या सांगा.' आपल्यात विनंती म्हणजे कुणासाठी, कशासाठी प्रार्थना करायची ते सांगणं. बायकांना हे फार पटलं. आपण सांगायचं आणि दुसऱ्यानं आपल्यासाठी मागायचं, त्यात संकोच कमी. काकूंनी सुरुवात केली ती म्हशीपासून. म्हैस गाभण राहत नव्हती. तू इतक्या गंभीरपणे त्या म्हशीसाठी देवाशी बोललीस की पप्पांनी पेटीमागं तोंड लपवलं. तांड्यावरची म्हातारी, जिला सगळा गाव तिच्या बंजारा बोलीत याडी, म्हणजे आई, म्हणायचा, तिनं नातवाच्या दहावीचं सांगितलं. कुणी सुनेच्या बाळंतपणाचं सांगितलं. ते ऐकल्यावर तू प्रार्थना पुरी करायचीस, आमेन म्हणायचीस, आणि त्याच दमात, 'आता तिला उद्या दवाखान्यात घेऊन या. देवाचं काम देव करेल, रक्त मी तपासते.'

विनंतीचा तुझा आणखी एक कायदा होता. एकदा सांगितलेली विनंती उत्तर येईपर्यंत काढायची नाही. कंटाळा आला म्हणून सोडून द्यायची नाही. म्हशीला रेडकू झालं त्या दिवशी तू म्हशीचे आभार मानलेस, म्हणजे देवाचे म्हशीबद्दल मानलेस, आणि मगच म्हैस प्रार्थनेतून सुटली. याडीचा नातू दहावीत तीनदा बसला, तर तीनही वर्षं तो रोज आठ वाजता आपल्या प्रार्थनेत हजर.

मग ती मालिका सुरू झाली. तोवर गावात केबल आली होती, वायर घराघरांवरून मांडवाच्या दोरीसारखी गेली होती, आणि सोमवार ते शुक्रवार, प्रार्थना संपली की लगेच मालिका. घरातल्या धाकट्या सुनेवर दागिने चोरल्याचा आळ येतो, सासू तिला घराबाहेर काढते आणि तिचं तान्हं पोर ठेवून घेते. त्या धाकटीनं सगळ्या गल्लीला वेड लावलं. हळदीच्या हंगामात बायका दिवसभर कढईपाशी राबून, हात कोपरापर्यंत पिवळे घेऊन तशाच यायच्या. आपली सतरंजी पिवळी, भिंत पिवळी, तुझ्या पांढऱ्या साडीच्या खांद्यावर काकूंच्या हाताचा अख्खा पंजा. दुसऱ्या दिवशी तू तीच साडी नेसून दवाखान्यात गेलीस. पप्पा म्हणाले, अगं डाग. तू म्हणालीस, 'डाग कुठला, काकू आहेत त्या.'

धाकटीला घराबाहेर काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. तू विनंत्या विचारल्यास. याडीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, 'सिस्टर, त्या धाकटीसाठी म्हणा. लई तकलीफ हाय तिला. लेकरू बी काढून घेतलं.' मी फस्सकन हसले. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं आता तू समजावशील की ती खरी नाही, पगार घेऊन रडते. पण तू आजवर कुणाची विनंती परत केली नव्हतीस, आणि याडीची तर नाहीच नाही. तू डोळे मिटलेस, म्हैस, दहावी, बाळंतपण सगळं झाल्यावर जरा थांबलीस, आणि म्हणालीस, 'आणि हे पित्या, त्या धाकटीसाठी तिच्या घराचं दार उघड.' आमेन सगळ्यांत आधी याडीनं म्हटलं, तेही खणखणीत. झालं. विनंती आत आली. आता उत्तर येईपर्यंत ती काढायची सोय नाही, आणि उत्तर देणारे तिकडे मुंबईत, वर्षानुवर्षं दळण दळत बसलेले.

आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांचा प्रसंग तर मी नातीला दोनदा सांगितला, तिनं मागितला म्हणून. ते महिन्यातून एकदा वसमतहून मोटरसायकलवर यायचे, आणि त्या वेळी प्रार्थना तेच चालवायचे. बायकांनी आपापल्या विनंत्या सांगितल्या. शेवटी याडी म्हणाली, 'अन् धाकटीसाठी. सासूनं घराबाहेर काढलं, पोरगं ठेवून घेतलं. कोणी बोलून नाही राहिलं तिच्याकडून.' साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी बाकी सगळ्यांना एकेक वाक्य दिलं आणि धाकटीला पाच मिनिटं दिली. त्या कठोर सासूचं अंतःकरण पालट म्हणाले. त्या बाळाला आईची कूस मिळू दे म्हणाले. आवाज भरून आला त्यांचा. आमेन झाल्यावर डोळे पुसत तुला विचारतात, 'ताई, या भगिनीला भेटायला हवं आपण. मंडळीतून काही मदत करता येईल. राहतात कुठं?' पप्पांना एकदम पेटीच्या भात्यात काहीतरी बिघाड दिसला. तू पदराचं टोक दुमडतेस, उलगडतेस. तेवढ्यात काकूंनी पिवळं बटण दाबलं आणि म्हणाल्या, 'ही काय, आलीच.'

साहेबांनी पडद्यावरची धाकटी बघितली. मग तुला म्हणाले, 'ताई, हे बरोबर नाही. प्रार्थना म्हणजे खेळ नव्हे.' तुझे कान लाल झाले. तू काही बोलणार, त्याआधीच काकू पुढं सरकल्या. 'काहून साहेब? माझ्या म्हशीसाठी चाललं, अन् ही तर माणूस हाय.' साहेबांनी समोर आलेला चहा घेतला. चहासोबत अर्धा भाग बघितला. जाताना गंभीरपणे म्हणाले, 'ती थोरली जाऊ मला ठीक वाटत नाही.' पुढच्या महिन्यात चपला काढता काढताच त्यांनी विचारलं, लेकरू मिळालं का परत?

हे सगळं हसण्याचं झालं. पण एक रविवार असा होता की तो आठवल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नरसीच्या यात्रेला गाड्या गेल्या होत्या, त्यामुळे वसमतची गाडी आली नाही. तू चर्चची साडी नेसून, पुस्तकं छातीशी धरून स्टँडवर उभी होतीस. ऊन तापलं तेव्हा आपण परत आलो. तू म्हणालीस, घरीच गाऊ. पप्पांनी पेटी धरली, आपण तिघांनी गीत म्हटलं, आणि दुसऱ्या कडव्याला तू थांबलीस. 'तीन माणसांत गाणं उचलत नाही गं,' म्हणालीस, आणि भाकरी थापायला गेलीस. तुझं एकटेपण मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. सगळा गाव तुला हाक मारायचा, अर्ध्या गावाची लेकरं तुझ्या हातावर जन्मली, पण तुझ्या गाण्याला आवाज द्यायला गावात कुणी नव्हतं. आठ वाजता जमणाऱ्या त्या बायका, त्यांना शब्द येवोत न येवोत, तुझी मंडळी होत्या. तू हे बोलली नाहीस कधी. त्या रविवारनंतर तू गीतं जरा सोपी निवडायला लागलीस, सगळ्यांना येतील अशी, एवढंच.

आणि मग एके दिवशी टीव्हीवर दाखवू लागले, शुक्रवारी शेवटचा भाग. बायकांनी हळहळ केली, 'संपून राहिली की आपली धाकटी' म्हणून गळे काढले. तू कपबश्या उचलल्यास. मी तेव्हा वसमतला कॉलेजात जात होते. दुसऱ्या दिवशी घरी येऊन बघते तर तू मेथी निवडताना पानं केरात टाकतेयस आणि काड्या पातेल्यात. मी विचारलं काय झालं, तर म्हणालीस, 'आता कशाला येतील गं त्या?' मी म्हटलं, अगं दुसरी मालिका लागेल की. 'दुसरी आपापल्या घरी बघतील. टीव्ही काय, आता तांड्यावरसुद्धा झाले. काकूंकडे तर रंगीत आहे.' खरंच होतं ते. काकूंच्या घरी एवढा थोरला रंगीत टीव्ही आला होता, पण त्या म्हणायच्या, म्हाताऱ्याला त्याच वेळी बातम्या लागतात, म्हणून तुमच्याकडं येतो. तू ते खरं मानलं होतंस. 'ही सुरुवातीपासून इथं बघितली म्हणून इथं येतात. संपली की संपलं,' म्हणालीस. 'मग आठला तिघं. तुझं लग्न झालं की दोघं.' तू डोळे पुसलेस आणि लगेच माझ्यावर डाफरलीस, 'बघत काय बसलीस, कांदा चिर.' कांदा आणायच्या आधीच डोळे पुसून झाले होते तुझे. त्या रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं, आणि पप्पांनी निमूट खाल्लं.

पण हात-पाय गाळून बसणं तुझ्या स्वभावात नव्हतं. तू जाहीर केलंस, शुक्रवारी उपकारस्तुती करायची. नातीला हा शब्दही समजावून सांगावा लागला, की घरात विनंती मान्य झाली म्हणजे चार माणसं बोलावून आभार मानायचे, गोडधोड खायला घालायचं. पप्पा म्हणाले, 'अगं, उत्तर यायच्या आधीच आभार?' तू म्हणालीस, 'विश्वास त्यालाच म्हणतात.' आणि मग जरा थांबून, 'शिवाय शेवटच्या भागात कुणी कुणाला घराबाहेर ठेवत नाही.' शुक्रवारी तू दवाखान्यातून लवकर आलीस, परातभर शिरा केलास, नाताळला काढायची ती पितळी ताटं काढलीस. तुला त्यांचा निरोप समारंभ करायचा होता, हे मला कळत होतं. बायका आल्या त्या नव्या साड्या नेसून. काकूंनी खणाची चोळी घातली होती. याडी आपल्या दोन सुनांना घेऊन आली. खोलीत पाय ठेवायला जागा नाही, पोरं खिडकीच्या गजांना. गीत असं काही झालं की पप्पांची पेटी ऐकू येईना. तुझा चेहरा बघत होते मी. इतकी सुंदर तू मला कधी दिसली नव्हतीस, आणि इतकी उदासही.

प्रार्थना झाली. मालिका लागली. धाकटीवरचा आळ फिटला होता, ती त्याच घराच्या दारात उभी. आत सासू. सासू जागची उठते, चालत येते, थांबते. पुन्हा चालते. मालिकावाल्यांना चालायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. याडी पुटपुटतेय, 'उघड गं माय, उघड.' सासू कडीला हात घालते, कडी वाजते, आणि लाईट गेली.

मग अंधारातून याडीचा आवाज, 'उघडलं काय?' मग काकूंनी लोडशेडिंगच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो इथं लिहीत नाही, तू तेव्हाही कानावर हात ठेवले होतेस. पप्पांनी कंदील लावला. तासभर वाट बघितली, लाईट काही आली नाही. शेवटी तू उठलीस आणि कंदिलाच्या उजेडात शिरा वाढलास. सगळ्यांनी खाल्ला, बोटं चाटून खाल्ला, पण लग्नघरातून मुलगी गेल्यावर बसतात तशा बसल्या होत्या. मग चपला शोधायची गडबड सुरू झाली. तू दारात उभी राहून प्रत्येकीला म्हणत होतीस, 'येत जा हं कधीतरी.' कधीतरी हा शब्द तुझ्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकला.

काकू पायरी उतरल्या आणि थबकल्या. 'सिस्टर, विनंती तर तशीच राहिली की.'

'कुठली?' तू म्हणालीस.

'धाकटीची. तुमीच तर म्हणता, उत्तर आल्याबिगर विनंती काढायची न्हाई. दार उघडल्याचं कोणी पाहिलं काय? न्हाई पाहिलं. मंग कशी काढता? उद्या आठला येतो आमी.'

'उद्या शनिवार आहे, वहिनी. शनिवारी मालिका नसते.'

'मालिका तर आता सोमवारी बी न्हाई,' काकू म्हणाल्या, आणि अंधारात चालू लागल्या.

तू दार लावलंस आणि हसायला लागलीस. असं हसलीस की पप्पा घाबरून पाणी घेऊन आले. मग उरलेला शिरा तू परातीतूनच खाल्लास, कालथ्यानं.

आणि त्या आल्या, आई. शनिवारी आल्या, रविवारी आल्या, सोमवारी आल्या. दुसऱ्या मालिका सुरू झाल्या, त्या सगळ्यांनी आपापल्या घरी बघितल्या, कधी कधी प्रार्थना लांबली तर काकू उघडपणे म्हणायच्या, 'आटपा सिस्टर, माझी लागून राहिली.' आमेन झालं की पळायच्या. पण आठला यायच्या. म्हशी बदलल्या, याडीचा नातू दहावी पास होऊन ट्रॅक्टर चालवायला लागला, त्याच्या पोरासाठी विनंती सुरू झाली. आणि शेवटी, सगळ्यांच्या मागून, 'त्या धाकटीसाठी दार उघड.' शेवट काय झाला ते विचारायला तू मला मनाई केली होतीस. 'कॉलेजात कुणी सांगायला लागलं तर कान झाक,' म्हणालीस. मी तुला भाबडी समजत होते. मग एकदा विनंत्यांच्या वेळी काकू बोलून गेल्या, 'ते हिरवं दार काही डोळ्यांसमोरून जात न्हाई बघा.' हिरवं. आपल्या टीव्हीत दार राखाडी होतं, धाकटीही राखाडी आणि तिची साडीसुद्धा. हिरवं दार काकूंनी आपल्या घरच्या रंगीत टीव्हीवर बघितलं होतं, म्हणजे त्या ती मालिका घरी बघत होत्या आणि तरी आपल्याकडे येत होत्या. काकूंनी जीभ चावली. तू त्यांच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि म्हणालीस, 'हं, पुढची विनंती?' पण त्या दिवशी तू गात होतीस ते मला आठवतं. तुझ्या ध्यानात आलं होतं ना? मला वाटतं, आलं होतं. आलं असू दे.

तुला वसमतला मातीत ठेवलं त्या दिवशी कुरुंद्याहून दोन टेम्पो भरून बायका आल्या होत्या. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं. पाळकसाहेबांनी कबरीपाशी गीत सुरू केलं, पण ते स्वतः रडत होते, आवाज फुटेना. पप्पांना तर शब्दच आठवेनात. पहिलं कडवं कसंबसं ओढलं. आणि दुसऱ्या कडव्याला मागून, नऊवारीचे पदर डोक्यावर घेतलेल्या त्या सगळ्या गायला लागल्या. पुस्तक नाही, काही नाही, तोंडपाठ. चर्चमधली मंडळी वळून बघायला लागली. गाणं असं उचललं, आई, असं उचललं की मला त्या दिवशीसुद्धा आनंद झाला. आमेन याडीनंच आधी म्हटलं.

मग, निवृत्तीनंतर तुम्ही वसमतला घेतलेल्या घरी चहा घेताना काकूंनी मला जवळ ओढलं. 'पोरी, आता सांगाया हरकत न्हाई. धाकटीचं आमाला दुसऱ्याच दिवशी कळलं व्हतं. दुपारी पुन्हा लागतं न्हाई का ते? माझ्या घरी सगळ्या जमलो. याडी बी आली चालत तांड्यावरून.'

'मग सांगितलं का नाही?' मी विचारलं.

'कसं सांगावं? सांगितलं की सिस्टर म्हणल्या असत्या, झालं, विनंती पुरी झाली. मंग आमी कोण्या तोंडानं यायचं? आमचा काही तुमचा धरम न्हाई. टीव्हीचा बहाणा होता, तो बी गेलेला. एवढी एक धाकटी उरली व्हती. म्हणून ठरवलं, कोणी बोलायचं न्हाई.' त्यांनी बशीतला चहा भुरकला. 'रोज आठला कोणीतरी माझं नाव घेऊन मागून राहिलं, हे बरं वाटायचं गं. घरी कोण घेतं नाव?'

मग मी त्यांना त्या मेथीच्या भाजीची गोष्ट सांगितली. तू काय म्हणाली होतीस ते, आता कशाला येतील त्या, ते सगळं. काकू ऐकत राहिल्या. आधी डोळ्यांना पदर लावला, आणि मग त्याच पदराआड हसायला लागल्या. 'म्हणजे त्या तिकडं भेऊन राहिल्या, अन् आमी इकडं. काय म्हणावं आता.' दुखवट्याच्या घरात आम्ही दोघी इतक्या हसलो की पप्पा आतून बघायला आले.

काकूंनी विचारलं होतं, 'सांगू काय, दार उघडलं का न्हाई?' मी नको म्हटलं. त्यांनी मान डोलावली. पण टेम्पोत चढताना याडीनं माझा हात धरला, मला खाली वाकवलं आणि कानात सगळं सांगून टाकलं. म्हातारी माणसं कुणाला विचारत नाहीत.

तर काल नातीनं विचारलं, 'मग दार उघडलं का?' आणि मी म्हणाले, माहीत नाही. लेकीशी खोटं बोलले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, 'मग आपण म्हणूया का उद्या तिच्यासाठी? आणि माझ्या मालिकेतल्या त्या दादासाठी पण. त्याचं तर फारच वाईट झालं.' आता आठ वाजत आलेत. तिनं सतरंजी घातली आहे, आणि खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीलाही बोलावून आणलं आहे. तिच्या मांजरासाठी विनंती आहे म्हणे.

हे पत्र मी टाकत नाही. कुठं टाकायचं ते ठाऊक असतं तरी टाकलं नसतं. तू लगेच उलट विचारशील, शेवट काय झाला, आणि मी सांगितला की म्हणशील, झालं, विनंती पुरी झाली. मला माहीत आहे, आई. पण तुला सांगणार नाही.